जुन्या पीसीत नवीन ग्राफिक्स कार्ड अर्ध्याच वेगानं चालतंय? आधी ते कोणासाठी खोळंबलंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: पीसी जुना, आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ ची ८ जीबीची एकच स्टिक, पॉवर सप्लाय ४५० वॅटचा, आणि त्यात आता आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड टाकलंय. व्हिडिओंमध्ये हेच कार्ड १०८०पी ला ज्या गेममध्ये १०० च्या आसपास एफपीएस (सेकंदाला फ्रेम) देतं तिथे तुम्हाला ५०-५५ मिळतायत, वर मधेच झटके. कार्डाचं टेंपरेचर ५८, जीपीयू युसेज, म्हणजे कार्ड किती कामात आहे तो आकडा, ५५ ते ६० टक्के. ड्रायव्हर तीनदा टाकून झाला, विंडोज पण नव्यानं टाकलं, आणि आता कार्ड खराब निघालं म्हणून परत करायच्या विचारात आहात.

थांबा, कार्ड परत करू नका. तुम्हीच दिलेल्या आकड्यांत उत्तर आहे. खराब कार्ड, तापलेलं कार्ड किंवा वीज कमी पडणारं कार्ड ५५ टक्के युसेज दाखवत बसत नाही, ते ९८-९९ टक्के दाखवतं आणि तरी एफपीएस कमी देतं, किंवा मग सरळ काळी स्क्रीन, क्रॅश, रीस्टार्ट. तुमचं कार्ड निम्मा वेळ रिकामं बसलंय कारण त्याला कोणी कामच देत नाहीये. सगळी शोधाशोध त्या "कोणी" ची करायची.

हे का होतं ते एकदा आकड्यात बघा म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. एक फ्रेम तयार व्हायला दोन टप्पे असतात. आधी प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे उभं आहे, कोण कोणाला धडकलं, काय काय काढायचं, आणि त्याची यादी कार्डाला देतो. मग कार्ड ते चित्र काढतं. समजा प्रोसेसरला एका फ्रेमची यादी करायला १८ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला चित्र काढायला १०. दोघं एकाच वेळी काम करत असतात, म्हणजे हा फ्रेम काढला जात असताना पुढची यादी चालू असते, पण तरी फ्रेम १८ मिलिसेकंदांनीच बाहेर पडणार. १००० भागिले १८ म्हणजे ५५ एफपीएस. आणि कार्ड १८ पैकी १० मिलिसेकंदच कामात, म्हणजे युसेज ५५ टक्के. आले ना तुमचेच आकडे! आता तेच कार्ड जोरदार प्रोसेसरच्या जोडीला लावलं तर १० मिलिसेकंदांनी फ्रेम पडेल आणि १०० एफपीएस दिसतील. व्हिडिओवाले नेमकं हेच करतात, आणि त्यांचं चुकत पण नाही, त्यांना कार्ड मोजायचं असतं म्हणून मुद्दाम सगळ्यात वेगवान प्रोसेसर लावतात. तुम्ही तुमच्या पूर्ण पीसीची तुलना त्यांच्या कार्डाशी करताय एवढीच गडबड आहे.

यावर सगळे म्हणतात की पण टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर ७० टक्केच दिसतो, मग तो कमी कसा पडेल. तो आकडा चारही कोरची सरासरी असतो हो. गेमचा एक मुख्य थ्रेड, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या कामांची साखळी, असतो, तो एका वेळी एकाच कोरवर चालतो, आणि तो कोर भरला की बाकीचे तीन मोकळे असले तरी उपयोग शून्य. चार कोरच्या प्रोसेसरवर एक कोर पूर्ण भरला तर एकूण आकडा फक्त २५ टक्के दिसतो. त्यातही विंडोज मुख्य थ्रेडला या कोरवरून त्या कोरवर फिरवत राहतं, त्यामुळे एकही कोर १०० ला चिकटलेला दिसेलच असं नाही. म्हणून मी प्रोसेसरच्या टक्क्यांकडे फार बघत नाही, जीपीयू युसेज बघतो. तो ९५ च्या वर नसेल आणि एफपीएसवर कुठलाही कॅप नसेल तर कार्ड थांबलेलं आहे, विषय संपला.

कॅप म्हणजे एफपीएसवर घातलेली मर्यादा: व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग), गेममधला फ्रेम लिमिट, किंवा तुमच्या केसमध्ये रेडिऑनच्या सॉफ्टवेअरमधलं रेडिऑन चिल. एफपीएस ६० किंवा ७५ वर सरळ रेषेत थांबत असेल तर आधी हे बघायचं. तुमचे ५०-५५ वर-खाली होतायत म्हणजे हे नसावं, पण दोन मिनिटांचं काम आहे, बघून टाका.

आता टेस्ट. एमएसआय आफ्टरबर्नर टाका आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर, स्क्रीनच्या कोपऱ्यात एफपीएस, फ्रेमटाइम, जीपीयू युसेज, जीपीयू क्लॉक, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम, आणि प्रत्येक कोरचा युसेज वेगवेगळा असं सगळं लावा. गेममध्ये एक जागा पकडा जिथे एफपीएस पडतो, गर्दीचा चौक वगैरे, तिथे उभे राहा, आकडे लिहून घ्या. मग काहीही न हलवता रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले म्हणजे कार्डाचं काम धाडकन हलकं झालं. एफपीएस भरभर वाढला तर कार्डच मर्यादा होतं. ५५ चे ५६-५७ झाले आणि युसेज उलट ३५ वर आला तर कार्डाचा काही संबंधच नाही. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे यातलं दुसरं होणार.

पण म्हणजे लगेच "प्रोसेसर बदला" असं नाही, आणि इथेच लोक घाई करतात. प्रोसेसर हळू आहे का, की त्याला हळू चालवलं जातंय, हे आधी बघायचं. ४५७० चा बेस ३.२ गिगाहर्ट्झ आणि टर्बो (गरज पडली की वाढणारा वेग) ३.६, हा २०१३ चा प्रोसेसर आहे, आणि त्याच्याबरोबर आलेला इंटेलचा तो गोल कूलर अजून तसाच बसलेला असेल तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली पेस्ट वाळून खडू झालेली असणार. एचडब्ल्यूइन्फो हे क्लॉक-टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर लावून गेम २० मिनिटं खेळा, मग क्लॉक बघा आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत कुठे "येस" आलंय का ते बघा. हा प्रोसेसर १०० डिग्रीच्या आसपास गेला की स्वतःच क्लॉक खाली आणतो.

एक किस्सा सांगतो. माझ्याकडे असाच एक चौथ्या जनरेशनचा पीसी आला होता, तक्रार हीच, नवीन कार्ड टाकलं तरी फरक नाही. मी पण आधी ड्रायव्हर, मग बायोस, मग विंडोजच्या सेटिंग्ज असं सगळं करत बसलो, अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी साइड पॅनल काढून टॉर्च मारला तर कूलरच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एक वर आलेली, कूलर एका बाजूनं अगदी नखभर उचललेला, बाहेरून बघून कळणारही नाही. डेस्कटॉपवर ५० डिग्री, सगळं छान, गेम सुरू केला की अर्ध्या मिनिटात १००. शिवाय पंखा काढला तर पंखा आणि हीटसिंकच्या मध्ये धुळीचा जाड नमदा बसलेला, पापुद्र्यासारखा अख्खा निघाला. तो साफ केला, जुनी पेस्ट पुसली, नवीन वाटाण्याएवढी लावली, चारही पिना समोरासमोरच्या जोडीनं टक्क आवाज येईपर्यंत दाबल्या. टेंपरेचर ७० च्या आत, क्लॉक टर्बोच्या जागी ठाम, आणि गेममध्ये सरळ जाणवण्याइतका फरक. कार्डाला हात पण लावला नव्हता. तेव्हापासून मी आधी पॅनल उघडतो, सॉफ्टवेअर नंतर. पिना दाबताना मदरबोर्डच्या मागून हाताचा आधार देता आला तर द्या, बोर्ड वाकतो. आणि एक, धूळ उडवताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

तुमच्याकडे टेंपरेचर ठीक निघालं तर पुढचा संशय रॅमवर, आणि खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न वाचताना माझी नजर आधी "एकच स्टिक" वर अडकली होती. डीडीआर३-१६०० ची एक स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, सेकंदाला १२.८ जीबी. दोन सारख्या स्टिक लावल्या की ड्युअल चॅनल, २५.६ जीबी. प्रोसेसर यादी करताना सगळा डेटा रॅममधूनच ओढतो, तिथला रस्ता अर्धा म्हणजे तो पण ताटकळणार, कार्ड त्याच्यासाठी आणि तो रॅमसाठी. दुसरं म्हणजे ८ जीबी आता पुरतच नाही, विंडोज, ब्राउझर आणि मोठा गेम मिळून ती भरते आणि मग विंडोज डिस्कवर लिहायला लागतं. तुमचे ते मधेच येणारे झटके मला तिथलेच वाटतात, डिस्क जर जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर नक्कीच. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा, ९० टक्क्यांच्या वर बसलेली असेल तर काही विचारायलाच नको. एच८१ ला रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि जास्तीत जास्त १६ जीबी चालते, म्हणजे तुम्हाला अजून एक ८ जीबीची स्टिक एवढाच हिशोब आहे. १.३५ व्होल्टवाली डीडीआर३एल मिळाली तरी या बोर्डवर चालते. लावल्यावर सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये चॅनलपुढे "ड्युअल" आलंय ना ते बघा, नाहीतर स्टिक नीट बसलेली नसते आणि लोक वर्षभर तसेच वापरतात.

आता स्लॉटचा विषय, इथे तुमच्या बोर्डची एक खोड आहे जी फार जणांना माहीत नसते. तुमचा प्रोसेसर पीसीआय एक्स्प्रेस ३.० वाला आहे, पण एच८१ चिपसेटवर इंटेलनं तो मोठा स्लॉट २.० लाच बांधून ठेवलाय. आणि आरएक्स ६६०० दिसायला लांब कनेक्टरचं असलं तरी आतून ८ लेनचंच (डेटा न्यायच्या वाटा आठच) आहे. २.० ची एक लेन सेकंदाला ५०० एमबी नेते, ८ लेन म्हणजे ४ जीबी. हेच कार्ड त्याच्या हक्काच्या ४.० स्लॉटमध्ये जवळपास १६ जीबी नेतं, म्हणजे तुमच्याकडे रस्ता चौथाई. ऐकायला भयंकर वाटतं पण घाबरू नका, कार्डावर ८ जीबी व्हीरॅम आहे, गेमची टेक्स्चर एकदा तिकडे गेली की रोज ये-जा फार नसते. सरासरी एफपीएसवर थोडा फरक, पण नवीन भाग लोड होताना झटका जास्त जाणवतो. खरी वाट लागते व्हीरॅम भरली की, कारण मग जे मावत नाही ते पीसीच्या रॅममध्ये जातं आणि दर फ्रेमला त्या अरुंद रस्त्यानं ओढावं लागतं. टास्क मॅनेजरमध्ये शेअर्ड जीपीयू मेमरी खेळताना वाढत गेली तर समजायचं की हेच चाललंय, टेक्स्चर एक पायरी खाली आणायचं. म्हणूनच मी जुन्या पीसीवाल्यांना आरएक्स ६५०० एक्सटी घेऊ नका म्हणून सांगत असतो, त्याला लेन चारच आणि बहुतेक कार्डांवर व्हीरॅम पण ४ जीबीच, जुन्या स्लॉटमध्ये ते अक्षरशः गुदमरतं. इंटेल आर्कचं पण तसंच, त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची अख्खी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतोच आणि तुमच्या काळातल्या बोर्डांवर तो नसतो. तुम्ही ६६०० घेतलंत ते बरंच केलंत.

तरी लिंक खरंच ८ लेनवर आहे ना ते बघून घ्या. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, बस इंटरफेसची ओळ, त्यात ॲट चिन्हाच्या पुढचा भाग म्हणजे आत्ताची स्थिती. कार्ड रिकामं असताना तिथे १.१ दिसतं, ती वीज वाचवायची पद्धत आहे, त्यावरून कोणी निष्कर्ष काढू नका. बाजूच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालू करा आणि मग वाचा. तुमच्याकडे एक्स८ २.० आलं पाहिजे. एक्स४ किंवा एक्स१ आलं तर कार्ड नीट बसलेलं नाही. जुन्या केसमध्ये मागची पत्र्याची पट्टी थोडी वाकलेली असते, स्क्रू घट्ट केला की कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून किंचित वर येतं, चित्र तर दिसतं पण लेन तुटतात. पीसी बंद करून, वायर काढून, कार्ड बाहेर काढा, सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, लॅच लागेपर्यंत दाबून बसवा आणि मग स्क्रू हळू हळू फिरवा.

विंडोजचं थोडक्यात. पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० टक्के हवं, कोणीतरी लॅपटॉप थंड ठेवायची युक्ती वाचून ते ९९ करून ठेवतं आणि टर्बो बंद पडतो. ड्रायव्हर आधीच्या कार्डावरून बदलला असेल तर एकदाच डीडीयू या जुना ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरनं सेफ मोडमध्ये साफ करून नवीन टाकायचा, एकदाच, तीन-तीन वेळा टाकून एफपीएस वाढत नाही. आणि तुम्ही विंडोज नव्यानं टाकलंय म्हणता, तर विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, तिथे मेमरी इंटिग्रिटी चालू झालंय का बघा. सातव्या जनरेशनच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये त्यासाठी लागणारी हार्डवेअरची सोय नाही, ते काम सॉफ्टवेअरनं करावं लागतं आणि नेमका प्रोसेसरवरच भार येतो. बंद केलं तर वेग मिळतो पण सुरक्षेचं एक कवच जातं, त्या पीसीवर बँकेची वगैरे कामं होत असतील तर मी चालूच ठेवीन.

पॉवर सप्लायवर लोकांचा फार राग असतो पण तो कार्डाला अर्ध्या वेगानं चालवत नाही, तो कमी पडला तर पीसी बंद करतो. आरएक्स ६६०० ला कंपनीच्या आकड्यानुसार १३२ वॅट लागतात, बरा ४५० वॅटचा सप्लाय सहज पुरतो. फक्त ८ पिनचं कनेक्शन सप्लायच्या स्वतःच्या वायरनं द्या, हार्ड डिस्कच्या मोलेक्सवरून जुगाड केलेला अडॅप्टर असेल तर तो आजच काढा. वेगाचा प्रश्न सोडा, ती वायर वितळू शकते.

आता ज्यांच्याकडे उलटं आहे, म्हणजे युसेज ९९ आणि तरी एफपीएस कमी, त्यांच्यासाठी दोन ओळी कारण हा प्रश्न पण तेवढाच येतो. तिथे आधी कार्ड तेच आहे का बघा. जीटी १०३० दोन प्रकारात आलं, जीडीडीआर५ वाल्याची मेमरी ४८ जीबी प्रति सेकंद आणि डीडीआर४ वाल्याची १६.८, नाव मात्र तेच. आरएक्स ५८० पण २३०४ शेडरचं (चित्र काढणाऱ्या छोट्या कोरचं) असतं आणि एक २०४८ वालं असतं. जुनं वापरलेलं कार्ड असेल तर बायोस बदलून भलत्याच नावानं विकलेलं निघू शकतं, जीपीयू-झेड अशा बऱ्याच कार्डांना नावापुढे फेक लिहून पकडतं. क्रिप्टो मायनिंगमधून आलेल्या कार्डांचा बायोस बऱ्याचदा बदललेला असतो, मग क्लॉक वर जातच नाही. आणि तापमानात नुसता वरचा आकडा नको, हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) पण बघा, दोन्हीत २५-३० डिग्रीचं अंतर पडलं असेल तर पेस्ट गेलीये. एनव्हिडिया कार्ड असेल तर जीपीयू-झेडमधली परफकॅप रीझनची ओळ सरळ सांगते की वीज, उष्णता की व्होल्टेज, कशामुळे अडलंय.

परत तुमच्याकडे. कूलर आणि रॅम झाल्यावरही युसेज ७०-७५ च्या पुढे जाणार नाही कदाचित, तेव्हा सेटिंग्ज कशा लावायच्या ते नीट ऐका कारण इथे सगळे उलट करतात. एफपीएस कमी आला की लोक सगळं लो वर टाकतात. तुमचा अडथळा प्रोसेसर आहे, तर प्रोसेसरवर भार टाकणारंच कमी करायचं: गर्दीची घनता, लांबवरचं दिसण्याचं अंतर, फिजिक्स, थोडी शॅडो, आणि रे ट्रेसिंग पूर्ण बंद, ते प्रोसेसरला पण काम लावतं. टेक्स्चर, अँटी-अलायझिंग, रिझोल्यूशन हे कार्डाचं काम, आणि कार्ड रिकामं बसलंय, मग व्हीरॅम भरत नाही तोवर ते खुशाल वर ठेवा, एक एफपीएस कमी होणार नाही. एफएसआरचं अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनमध्ये काढून चित्र मोठं करणं) लावून पण काही मिळणार नाही, ते कार्डाचं ओझं उतरवतं जे आधीच नाहीये. त्यापेक्षा तुमच्या गेममध्ये कायम टिकेल असा आकडा, समजा ५०, पकडून तिथे रिवाट्यूनरनं कॅप लावा. ४० ते ६५ मध्ये उड्या मारण्यापेक्षा ठाम ५० हाताला कितीतरी बरा लागतो.

यानंतरही प्रोसेसरच बदलायचा असेल तर त्याच सॉकेटमध्ये आय७-४७७० किंवा झिऑन ई३-१२३१ व्ही३ बसतो, कोर चारच पण थ्रेड आठ, टर्बो ३.९ आणि ३.८. अलीकडच्या गेममध्ये, जे चार थ्रेडवर घुसमटतात, तिथे झटके चांगलेच कमी होतात. एकाच थ्रेडवर चालणाऱ्या जुन्या गेममध्ये मात्र फार अपेक्षा ठेवू नका, ३.६ चे ३.९ होऊन कितीसा फरक पडणार. झिऑनमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही हे लक्षात ठेवा, आणि घ्यायच्या आधी बोर्डच्या सपोर्ट लिस्टमध्ये नाव आहे का आणि कुठला बायोस लागतो ते बघा, बायोस जुना प्रोसेसर लावलेला असतानाच अपडेट करायचा. या प्लॅटफॉर्मवर याच्यापुढे मी स्वतः काही लावणार नाही, पुढची उडी बोर्ड, प्रोसेसर, रॅम एकदमच, आणि तेव्हा हेच आरएक्स ६६०० उचलून तिकडे लावायचं.

आधी साइड पॅनल उघडा, कूलरच्या चार पिना बघा, आणि गर्दीच्या जागी १०८०पी आणि ७२०पी चे एफपीएस, युसेज, प्रोसेसरचा क्लॉक आणि रॅम किती भरली एवढे आकडे लिहून कळवा. कार्डाचं बिल तोवर जपून ठेवा, पण मला नाही वाटत लागेल.